बिनक्लचची गाडी

८ नोव्हेंबर, शनिवार

आपट्याला जाऊन आलो. सोनाबाईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, नव्या तांदळाची पिशवी बांधून दिली. नको म्हटलं तर म्हणते, "तुला कोन देतंय? सुनेसाठी हाय ता." बहिणीला आता माझ्यापेक्षा माझी सून जवळची. बरं आहे.

गाडी मीच चालवली. सून अनुया शेजारी बसली होती. ती बेलापूरला एका कंपनीत आहे आणि नुकतंच लायसन काढलंय. शनिवारी सुट्टी असली की येते माझ्याबरोबर, हात बसावा म्हणून. परत येताना पळस्प्यापासून पुढे मी तिला स्टिअरिंग देतो.

काल वरदचा फोन आला होता. पोरगा जहाजावर आहे, सहा-सहा महिने पाण्यावर, पण शहाणपण मात्र जमिनीवरचं शिकवतो. म्हणाला, "बाबा, येत्या फेब्रुवारीत तुम्हाला सत्तर पूर्ण होतात. आता गाडी अनुयाला चालवू द्या." डोक्यात तिडीकच गेली. उभी हयात एसटी चालवली, पनवेल डेपोत माझ्या नावावर एक ओरखडा नाही, आणि मला हा सांगतो! मी पण म्हटलं, "ज्या दिवशी माझ्या हातून गाडीला काही होईल, त्या दिवशी किल्ली खाली ठेवीन. पुन्हा हात लावणार नाही, शब्द देतो. तोवर हा विषय काढायचा नाही." अनुया तिथेच भाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण ऐकलं सगळं.

वरदने ही गाडी घेतली ती बिनक्लचची. सात वर्षं झाली. सुरुवातीला माझा डावा पाय वेड्यासारखा क्लच शोधायचा. डी टाकला की पुढे, आर टाकला की मागे, पी म्हणजे उभी आणि एन म्हणजे न्यूट्रल. लहान मुलाचं खेळणं. पण मी त्यातही आपली विद्या घातलीच. कर्नाळ्याची खिंड चढून उतार लागला की दांडा एनवर टाकतो. गाडी आपसूक पळते, इंजिन नुसतं गुरगुरत राहतं, पेट्रोल वाचतं. खाली सपाटीला आलो की परत डी. ही युक्ती मला कुणी शिकवलेली नाही, एसटीत असताना माझी मीच काढली. डिझेल वाचवण्यात दरवर्षी माझा नंबर लागायचा आणि गळ्यात हार पडायचा.

अनुयाला म्हटलं, बघून ठेव. तर म्हणाली, "बाबा, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, चालत्या गाडीत एन करू नका म्हणून." गाडीचं पुस्तक वाचणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्याने कर्नाळ्याचा उतार पाहिलाय का? ती हसली. पण स्वतः चालवते तेव्हा दांड्याला हात लावत नाही. भित्री आहे जरा.

सकाळी गाडी काढताना डी टाकल्यावर क्षणभर काहीच झालं नाही, मग धक्का देऊन निघाली. थंडी पडायला लागलीय, म्हणून असेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अनुया ऑफिसातून आल्यावर तिला खांदा कॉलनीकडे एक फेरी मारायला लावली. दुसऱ्या गिअरातून तिसऱ्यात जाताना गाडीने असा हिसका दिला की माझी मान हलली. म्हटलं, "पाय मऊ ठेव. ॲक्सिलरेटर आहे, भाताचं मुसळ नव्हे." ती म्हणाली, "बाबा, शनिवारी तुम्ही चालवत होतात तेव्हाही असंच झालं होतं, शिरढोणजवळ."

मला तर आठवत नाही.

नवीन हात आहे, वेळ लागणार. पण आपली चूक दुसऱ्यावर ढकलायची सवय बरी नाही. बोललो नाही, उगाच मन दुखावायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज गाडीने मान टाकली.

आपट्याहून परत येताना खिंडीचा उतार मी उतरवला, नेहमीसारखा झकास. पळस्प्याला अनुयाला दिली. थोडं पुढे गेलो तर इंजिन भोंग्यासारखं ओरडायला लागलं, पण गाडी काही ओढेना. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत. इंजिनाचा काटा वर वर चाललाय आणि आम्ही बैलगाडीच्या वेगाने. खालून करपल्याचा वास, डाळ लागल्यासारखा. अनुयाचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटलं, बाजूला घे, बंद कर. घेतली बिचारीने नीट, इंडिकेटर देऊन घेतली.

मी उदयसिंहला फोन लावला. डेपोतला जुना दोस्त आहे, त्याच्याकडे जीप आहे. म्हटलं, दोर घेऊन ये, ओढून नेऊ. एसटीत असताना अशा कितीतरी गाड्या मी ओढून आणल्या. तर अनुया मध्ये पडली. "नाही बाबा. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढायची नसते. इंजिन बंद असलं की आत तेल फिरत नाही, उरलासुरला गिअरबॉक्स पण जाईल." आणि मला न विचारता तिने पाठीवर गाडी घेणारा ट्रक मागवला. आमची गाडी त्या ट्रकवर चढून बसली, नवरदेवासारखी, आणि आम्ही मागून रिक्षात. ओळखीच्या दोघांनी रस्त्यात पाहिलं. उदयसिंह तर फोनवर हसत सुटला होता.

मी घरी येईस्तोवर तोंडाला कुलूप लावलं. तिने बोलावलं तेव्हा जेवलो, पण आमटी परत मागितली नाही. तिला कळावं म्हणून.

तिच्या हातात असताना गेली. मी काही बोलणार नाही. पण तिच्या हातात असताना गेली, हे खरं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रोडपालीला भावेशच्या गॅरेजात गेलो. अनुयाने अर्धी रजा टाकली होती. भावेश तिथलाच, आगरी पोरगा, तिशीतला असेल, नुसते ऑटोमॅटिक गिअरबॉक्स करतो. मला वाटलं होतं, लगेच जॅक लावून खोलायला घेईल. आमच्या वर्कशॉपात तसंच असायचं, आधी खोलायचं, मग विचार करायचा. हा तर गाडीला हातच लावेना. आधी बसवून प्रश्न विचारले. कधीपासून हिसका देते? गार असताना की तापल्यावर? डी टाकल्यावर थांबते का? तेल कधी बदललं?

मी म्हटलं, "तेल बदलायचं नसतं याचं. गाडी घेतली तेव्हाच वरदला सांगितलं होतं, आयुष्यभर चालतं."

"कुनाच्या आयुष्यभर, काका?" भावेश म्हणाला. "तेलाचं आयुष्य सपलं का गिअरबॉक्सचं पन सपतं. मग ते बरोबरच बोलले."

मला हसू आलं, पण दाबलं.

मग बॅटरी तपासली, तारा तपासल्या. म्हणाला, कधी कधी नुसती बॅटरी कमजोर असते आणि लोक लाखाचा गिअरबॉक्स खोलून बसतात. कॉम्प्युटर जोडला, त्यात तिसऱ्या गिअरची तक्रार आली. इंजिन तापवून थोडं तेल काढलं आणि पांढऱ्या कागदावर टाकलं. नवं तेल लाल असतं, कोकम सरबतासारखं. हे निघालं काळं, आणि वास तोच, करपलेला. भावेशने बोट बुडवून चोळलं आणि नाकाशी नेलं. म्हणाला, "आत प्लेटी हायत, क्लचच्या. त्या जलतायत."

मी म्हटलं, "क्लच? यात क्लच नसतो रे."

"तुमच्या पायाखाली नाय काका. आत हायत, पाच-सहा. पाय तुमचा नाय, तेलाचा. तेलाच्या दाबानं त्या आवलून धरतात नि सोडतात."

इतकी वर्षं मी या गाडीला बिनक्लचची म्हणत आलो.

मग भावेशने विचारलं, "गाडी कोन चालवतं जास्त?" माझं तोंड उघडायच्या आत अनुया म्हणाली, "मीच. शिकतेय अजून." आणि लगेच माझ्याकडे वळून, "बाबा, समोरच्या दुकानातून पाण्याची बाटली आणता का? माझा घसा सुकलाय." आणली. परत आलो तर दोघं हलक्या आवाजात बोलत होते, मला पाहून गप्प झाले. भावेशने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन गाडीखाली डोकं घातलं.

कबुली देत असणार बिचारी. माझ्यासमोर लाज वाटली असेल.

भावेश म्हणाला, लगेच खोलणार नाही. आधी तेल थोडं थोडं करून बदलणार. जुन्या गिअरबॉक्सात जोराने नवं तेल मारलं की साठलेला गाळ उखडून भलत्याच जागी अडकतो. मग तेलाच्या वाटा असलेला भाग, त्याला ते व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात, तो साफ करून बघणार. त्याने नाही भागलं तरच खोलायचं. डॉक्टर बरा वाटला मला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अनुया जेवत नाही. पोळीचे तुकडे करते आणि बशीत इकडून तिकडे सरकवते. फोन हातात घेते, काही तरी लिहिते, पुसते. वरदला काय सांगायचं याचा घोर लागला असणार. वरद ओरडणाऱ्यातला नाही, पण गाडीवर जीव आहे त्याचा. आणि मी परवा आमटी न मागता उठलो, ते तिने मनावर घेतलं असेल का? माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे चंद्रावती मला जन्मभर सांगत आली.

चंद्रावती, माझी बायको, गेली त्यानंतरची गोष्ट आज सारखी आठवतेय. सकाळी मला दोन कप चहाची सवय. एक उठल्याबरोबर, एक पेपर वाचताना, आणि दुसरा तिच्याबरोबर. ती गेली तेव्हा मी एकाच कपावर आलो, कुणाला बोललो नाही. काही दिवसांनी बघतो तर पेपर उघडला की समोर दुसरा कप, आणि अनुया स्वतःचा कप घेऊन समोर बसलेली, ऑफिसची घाई असताना. ना कधी विचारलं, ना कधी सांगितलं. आजपर्यंत तो कप चुकलेला नाही.

त्या पोरीने माझ्या घरात उपाशी राहायचं, एका यंत्रासाठी?

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज मोठं काम केलं. वरदला फोनवर आवाज भरून निरोप पाठवला. "वरद, गाडीचा गिअरबॉक्स गेलाय. माझ्या हातून झालं, मी चुकीची चालवली. अनुयाचा यात काही संबंध नाही. तिला यावरून एक शब्द बोलू नकोस. आणि मी दिलेला शब्द माझ्या लक्षात आहे."

जहाज भर समुद्रात असलं की त्याचं उत्तर यायला वेळ लागतो. लागू दे.

माझ्याकडची दुसरी किल्ली कपाटात कपड्यांखाली ठेवली. तिला दिली तर का म्हणून विचारेल. वाटलं होतं, एवढं चांगलं काम केल्यावर छाती फुगेल. तसं काही झालं नाही.  किल्ली काय, चार तोळ्यांचं लोखंड. पण ती खिशात नसली की पँट हलकी लागते.

मी खोटं बोललो, पण पोरीसाठी बोललो. त्याचं पाप लागत असेल तर लागो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चालत पनवेल स्टँडवर गेलो. बाकावर बसून गाड्या बघितल्या. अलिबागची लागली, महाडची लागली. एक ड्रायव्हर माझ्या मुलापेक्षा लहान, कानात वायर घालून चढला. मनात आलं, याला सांगावं काही. पण मी कोण सांगणारा, आता मी पॅसेंजर. तासभर बसून परत आलो.

अनुयाने विचारलं, कुठे गेला होतात? म्हटलं, असाच, पाय मोकळे करायला. ती माझ्याकडे बघतच राहिली. काय बघत होती कोण जाणे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

भावेशचा फोन. तेल बदललं, व्हॉल्व्ह बॉडी साफ केली, गाडी फिरवून पाहिली. पहिला, दुसरा सुधारला, तिसऱ्यात अजून सुटते. आता खोलल्याशिवाय इलाज नाही म्हणतो. अनुया म्हणाली, खोला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी एकटाच रोडपालीला गेलो. अनुया ऑफिसात. म्हटलं, आपण चाळीस प्रकारच्या गाड्या हाकल्या, या पेटीच्या पोटात काय आहे ते एकदा बघावं.

भावेशने सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं, कापड अंथरून, ओळीने. थाळीएवढ्या गोल गोल प्लेटी, एक लोखंडाची, एक वरून कागदासारखा थर असलेली. चांगल्या प्लेटीचा थर तपकिरी, बोट फिरवलं तर मऊ. तिसऱ्या गिअरच्या प्लेटी काळ्याठिक्कर, थर पार गेलेला, लोखंड निळं पडलेलं. हातात घेतली तर तिचा भुगा बोटाला लागला.

मी विचारलं, "हे कशाने झालं रे? तेल जुनं म्हणून?"

"तेल तर हायच, काका. पन नुसत्या तेलानं एवढं नाय होत." तो बोलता बोलता रॉकेलमध्ये नट धूत होता. "ता उतारावर न्यूट्रल मारतात ना, त्याच्यानं. बगा, उतारावर चाकं जोरात पलतात, आन इंजिन असतं झोपलेलं. तेलाचा पंप इंजिनावर, म्हंजे दाब कमी. आन खाली आल्यावर तुमी टाकता डी. पलती चाकं आन झोपलेलं इंजिन, दोगांची गाठ कोन बांधनार? ह्या प्लेटी. कमी दाबात घासत घासत धरतात. एकदा-दोनदा चालतं. दर शनवारी केलं का मंग आसं."

मी हातातली काळी प्लेट उलटसुलट करत राहिलो. त्याला वाटलं, मला कळलं नाही, म्हणून त्याने दोन प्लेटी एकमेकींवर घासून दाखवल्या.

"वयनींना मी काय बोललो नाय जास्त," तो म्हणाला. "त्यांनी सोताच सांगितलं, मी करते उतारावर एन, मला म्हाईत नव्हतं. शिकताना व्हतं, काका. तुमी नका रागवू त्यांना."

अनुया उतारावर एन करते?

तिने एकदाही केलेला नाही. खिंडीचा उतार तर मी तिला कधी उतरवूच दिला नाही. तो माझा होता. जाताना माझा, येताना माझा.

स्टूल पुढे ओढून बसलो. भावेशने चहा मागवला, तो गार झाला. मी वरदला खोटं सांगितलं होतं ना, माझ्या हातून झालं म्हणून? खोटं बोलायला गेलो आणि खरं बोलून बसलो. ज्याच्यासाठी गळ्यात हार पडले तीच युक्ती. पळस्प्याला तिच्या हातात स्टिअरिंग होतं, एवढंच काय ते तिचं. गाडी मी आधीच मारून तिच्या हातात दिली होती.

आणि तिला हे त्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाण्याची बाटली! घसा सुकला होता म्हणे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळीच वरदचा फोन. "बाबा, एकच गाडी दोघांनी बिघडवली का?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"अनुयाचा मेसेज तुमच्या आधीच येऊन पडलाय. तिने लिहिलंय, गाडी माझ्यामुळे गेली, बाबांना एक शब्द बोलू नकोस. मग तुमचा निरोप, माझ्यामुळे गेली, अनुयाला एक शब्द बोलू नकोस. मी बोलू तरी कुणाला?" हसत होता. मग हसायचा थांबला. "बाबा, खरं सांगा. तिला वाचवायला म्हणताय ना तुम्ही?"

"तेव्हा तिला वाचवायलाच म्हणत होतो," मी म्हटलं. "आता खरं म्हणतोय. मीच रे. दर उतारावर मीच."

 मग म्हणाला, "बाबा, गाडी होते दुरुस्त."

"आणि मी दिलेला शब्द?"

"ते तुम्ही दोघं बघा. मी समुद्रात आहे."

शहाणा झालाय पोरगा. वाटलं, आत्ता इथे असता तर पाठीत एक धपाटा घातला असता.

३० नोव्हेंबर, रविवार

आज अनुयाला समोर बसवलं. पेपरची वेळ, दुसरा कप. कपाटातली किल्ली आणून तिच्या पुढ्यात ठेवली.

"भावेशकडे जाऊन आलो," म्हटलं. "प्लेटी बघितल्या."

तिने कप खाली ठेवला. मला वाटलं, काही तरी सारवासारव करेल. ती म्हणाली, "मी त्याला सांगितलं होतं, तुमच्यासमोर बोलू नको म्हणून."

"त्याचा दोष नाही. त्याने तुझीच बाजू घेतली. पण तू का अंगावर घेतलंस?"

तिने किल्लीवर एक बोट ठेवलं. मग एका दमात बोलली. "आई गेल्यावर तुम्ही किती दिवस खिडकीशी बसून असायचात, आठवतंय? कुणाशी बोलणं नाही, बाहेर पडणं नाही. मग एक दिवस तुम्ही गाडीची किल्ली घेतलीत आणि आत्यांकडे गेलात, आणि परत आलात ते माणसात येऊन. मला तुम्हाला पुन्हा त्या खिडकीशी बघायचं नव्हतं, बाबा. तुम्ही एकदा शब्द दिलात की मोडणार नाही, हे मला माहितीये. म्हणून म्हटलं, माझं नाव लागलं तर काय बिघडतं, मी तर शिकाऊच आहे."

मी पेपरची घडी घातली.

"आणि तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्हाला तर वाटत होतं मीच बिघडवली. तोंडावरून कळत होतं. मग तुम्ही वरदला का सांगितलंत, तुमच्यामुळे झालं म्हणून? किल्ली गेली असती तुमची."

"तू जेवत नव्हतीस," मी म्हटलं.

यावर ती रडली. मीही रडलो. माझीच डायरी आहे, लिहायला लाज कसली. मुलगी नाही म्हणून चंद्रावती हळहळायची. आज ती असती तर तिला हाताला धरून इथे बसवलं असतं.

किल्ली तिने घेतली. म्हणाली, "ठेवते, पण सांभाळायला. हवी असेल तेव्हा मागून घ्या. अट एकच, उतारावर डी." मी म्हटलं, मागणार नाही, शब्द म्हणजे शब्द. ती म्हणाली, "बघू." चंद्रावती अगदी अस्संच बघू म्हणायची, आणि शेवटी तिचंच खरं व्हायचं.

मग तिने दोन पोळ्या खाल्ल्या, मुद्दाम मोजल्या नाहीत, पण मी बघत होतो.

६ डिसेंबर, शनिवार

गाडी आली. भावेशने नवीन प्लेटी, नवीन सील, नवीन फिल्टर घातला आणि कोकमी रंगाचं तेल दाखवून मग भरलं. आता काही वर्षांनी बदलायचं, आयुष्यभर-बियुष्यभर विसरायचं. जाताना म्हणाला, "आता गिअरबॉक्स नव्यानं शिकनार हाय. कॉम्प्युटर चालवनाऱ्याचा पाय वलखतो आन तसा गिअर बदलतो. म्हनून थोडे दिवस एकानंच चालवा, मऊ पायानं." असं म्हणून त्याने किल्ली माझ्यापुढे धरली. मी अनुयाकडे बोट केलं. पोराने ती तिच्या हातात दिली.

तिथूनच आपट्याला निघालो. मी डाव्या सीटवर. पळस्प्यापर्यंत मी माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होतो. एक टँकर आडवा आला तेव्हा तर दोन्ही पायांनी दाबला. अनुयाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. शिरढोण गेलं. दुसऱ्याचा तिसरा कधी झाला, तिसऱ्याचा चौथा कधी झाला, कळलं नाही. मी कान लावून बसलो होतो, हिसका कुठे येतो बघायला, तो काही येईना. खिंडीचा चढ लागला. गाडी मुकाट चढत होती. एवढं मला आठवतं.

त्यानंतर कुणीतरी काच ठोकत होतं. डोळे उघडले तर सोनाबाई, पदर कंबरेला खोचून. "आरं कमलाकर, ऊठ! कवाची पोरगी गाडीत बसून हाय, तुला उठवू देत नाय!"

आपटा आला होता. गाडी तिच्या अंगणात सावलीत उभी होती, इंजिन चालू, गार वारा चालू, माझी मान एका बाजूला.

मी जन्मात चालत्या गाडीत झोपलेलो नाही. सुट्टीवर एसटीने गावी जायचो तेव्हासुद्धा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून टक्क जागा, त्याच्या प्रत्येक गिअरबरोबर माझा पाय हलायचा. लग्नाच्या वरातीत नाही, चंद्रावतीला दवाखान्यातून घरी आणताना नाही. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना माझा डोळा लागणं शक्यच नव्हतं.

तोंड पुसलं आणि अनुयाला विचारलं, "खिंडीचा उतार कसा गेला?"

ती म्हणाली, "तुम्हाला कळला नाही ना, बाबा? म्हणजे चांगला गेला."